ऑरगॅनिकमध्ये सी आलाय, परत घ्यायचा का? अमेरिकेत मेडिकलच्या अर्जाआधीचा हिशोब

मे उजाडला की मला तोच फोन येतो. मुलगा किंवा मुलगी इथल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी पडलेला, आणि आई किंवा बाबा दबक्या आवाजात विचारतात, "परत घेऊन ए काढला तर तो सी जाईल ना?"

नाही जात. आणि ही गोष्ट सांगून पटत नाही, कारण आपण सगळे महाराष्ट्रातून बारावी होऊन आलेलो. तिथे श्रेणीसुधार दिली, मार्क वाढले, की नवी गुणपत्रिका पुढे करायची आणि जुनी कपाटात तळाशी. त्यात इथली बरीच कॉलेजंही आशा लावतात. विषय परत घेतला की नवा ग्रेड धरतात, जुना जीपीएतून, म्हणजे ग्रेडच्या सरासरीतून, वगळतात. मुलगा घरी येऊन ट्रान्सक्रिप्ट दाखवतो, जीपीए खरंच वाढलेला असतो. आईबाप खूश.

पण एमडी, म्हणजे इथली डॉक्टरकीची मूळ पदवी, देणाऱ्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचा अर्ज ज्या एका सेवेतून जातो, त्या ॲमकॅसला तुमच्या कॉलेजचा हिशोब चालत नाही. ती प्रत्येक विषय, प्रत्येक प्रयत्न स्वतः मोजते. एक आकडेमोड करून बघा, दर क्रेडिटला ए चे ४ गुण, सी चे २. मुलाचे विज्ञान आणि गणिताचे ४० क्रेडिट झालेत, सरासरी ३.४०, म्हणजे १३६ गुण. त्यात ऑरगॅनिकचे ४ क्रेडिट सी, म्हणजे ८ गुण. परत घेतला, ए आला, १६ गुण. कॉलेज ८ काढून १६ घालणार: १४४ भागिले ४०, ३.६०. ॲमकॅस काहीच काढणार नाही: १५२ भागिले ४४, ३.४५. एका सेमिस्टरची फी आणि मेहनत घालून हाती आले ०.०५.

आता त्याच सेमिस्टरला ऑरगॅनिक परत न घेता ४ क्रेडिटची बायोकेमिस्ट्री घेतली आणि तिच्यात ए काढला, तर? १५२ भागिले ४४. तोच ३.४५. वर एक नवा विषय पदरात पडला, तोही बरीच मेडिकल कॉलेजं मागतात तो. शिवाय अर्ज वाचणाऱ्याला दिसतं की ऑरगॅनिकमध्ये अडखळलेला मुलगा त्याच्या पुढच्या विषयात सावरला. म्हणून निखळ सी असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: परत घेऊ नका, पुढचा विषय नीट करा. बी असताना परत घेणारेही भेटतात, त्यांना तर मी हात जोडते.

सी मायनस असेल तर मात्र गोष्ट वेगळी. लोक फसतात ते नेमके इथे. कॉलेजच्या लेखी सी मायनस बऱ्याचदा पास असतो, डिग्रीला क्रेडिट मिळतं, म्हणून मुलगा निर्धास्त. पण बरीच मेडिकल कॉलेजं आवश्यक विषयांत, म्हणजे बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स वगैरेंत, किमान सी मागतात. सी मायनस, डी किंवा एफ असेल तर तो विषय झालाच नाही असं समजा आणि परत घ्या, जीपीए कितीही कमी हलो. कुठल्या मेडिकल कॉलेजची अट काय, हे त्यांच्या स्वतःच्या पानावर वाचा. मंडळाच्या पिकनिकला ऐकलेलं धरू नका.

परत घ्यायचं ठरलं तर आधी रजिस्ट्रारला विचारा की परत घेता येतो का. काही कॉलेजं सी किंवा वर असलेला विषय परत घेऊच देत नाहीत, काही एकदाच देतात. आणि पहिल्या वेळी सी का आला याचं उत्तर घरात मिळाल्याशिवाय नाव नोंदवू नका. दुसऱ्यांदाही सी आला तर तोही मोजला जातो.

आता वेळेचा घोळ. ॲमकॅसचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेरीपासून सादर करता येतो, आणि तो असतो पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या वर्गासाठी. पुष्कळ मुलं जूनमध्ये अर्ज देतात आणि विषय फॉलमध्ये परत घेतात. ग्रेड येतो डिसेंबरात. तोवर अर्जाची तपासणी होऊन जीपीए कायम झालेला असतो, ॲमकॅस तो नंतर बदलत नाही. नवा ग्रेड मग एकेका कॉलेजला आपणच कळवत बसायचं, आणि तेही घेतीलच असं नाही. जुना सी मायनस तेवढा सगळ्यांना दिसतो. नवा ग्रेड अर्जात दिसायला हवा असेल तर तो हाती आल्यावरच अर्ज द्या. समरचा कोर्स असेल तर काही आठवडे थांबणं परवडतं. फॉलचा असेल तर सरळ पुढच्या वर्षी भरा. घरात हे वाक्य कोणाला आवडत नाही, मला माहीत आहे.

फॉर्म भरणं तसं सोपं, ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून ओळीने उतरवायचं. दोन जागा सांभाळा. ज्या कॉलेजने जुना ग्रेड माफ केलाय तिथे ट्रान्सक्रिप्टवर पहिल्या प्रयत्नापुढे शून्य क्रेडिट छापलेलं असू शकतं. मुलं तेच उतरवतात किंवा ओळच गाळतात. तिथे मूळ क्रेडिट आणि मूळ ग्रेड लिहायचा, आणि दोन्ही नोंदींवर रिपीटची खूण करायची. अर्ध्यात सोडलेला, डब्ल्यू लागलेला विषयही लिहायचा. त्याने जीपीए हलत नाही, पण लपवला तर अर्ज अडकतो.

आणि एक कागद, जो कोणालाच आठवत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ज्या ज्या कॉलेजात नाव नोंदवलं, त्या प्रत्येकाचं ट्रान्सक्रिप्ट लागतं. हायस्कूलमध्ये असताना काउंटी कॉलेजात एखादा विषय केला असेल तर त्याचंही. ओळखीतल्या एका मुलीने जूनच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला. जुलै अर्धा सरला तरी ट्रान्सक्रिप्टची वाट पाहतोय एवढंच दिसत होतं. अकरावीत असताना प्रीकॅल्क्युलस केलेलं, सी आलेला, ती विसरून गेली होती. काउंटी कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळालं की तुझा जुना पासवर्ड बंद झालाय, ओळखपत्र घेऊन ये. मुलगी तेव्हा दुसऱ्या राज्यात. सगळी ट्रान्सक्रिप्ट पोचेपर्यंत अर्ज तपासणीच्या रांगेत लागतच नाही, आणि गर्दीत त्या रांगेला सहा आठवडेही लागतात. बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे बघतात, तेव्हा हे आठवडे महागात पडतात. आणि हो, तो सी सुद्धा मोजला जातो.

थोरल्या चुलतभावंडांचा एक सल्ला अजून फिरतो: "एमडी नाही तर डीओला भर, तिथे जुना ग्रेड पुसतात." पुसत होते. डीओच्या, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या डॉक्टरकीच्या, अर्जसेवेने, ॲकोमासने, २०१७ पासून तेही बंद केलं. टेक्सासची वेगळी अर्जसेवा आहे, तीही सगळे प्रयत्न मोजते.

पुण्या-मुंबईहून बीएस्सी करून इथे आलेल्यांचा प्रश्न निराळाच. त्यांचे तिथले मार्क चांगले असोत की वाईट, ॲमकॅस परदेशी ट्रान्सक्रिप्ट मोजत नाही, त्यामुळे पैसे भरून करून घेतलेला मूल्यांकन अहवाल इथे उपयोगाचा नाही. बऱ्याच मेडिकल कॉलेजांना आवश्यक विषय अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले हवे असतात. म्हणजे फर्स्ट क्लासात पास झालेली केमिस्ट्री पुन्हा जनरल केमिस्ट्री वनपासून, प्रयोगशाळेसकट. अपमान वाटतो, वाटणारच. एवढंच की त्यांचा इथला जीपीए कोऱ्या पाटीवरून सुरू होतो, जे इथे वाढलेल्या मुलांच्या नशिबी नाही. मात्र व्हिसाचं आधी बघा. एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असलेल्यांना बरीच मेडिकल कॉलेजं घेतच नाहीत, आणि हे दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री करून झाल्यावर कळलेले लोक मला माहीत आहेत.