रहस्यकादंबरीचे पुनर्लेखन

रहस्यकादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा झाल्यावर सुगावे, वेळा, जबाब आणि पात्रांचे हेतू तपासत लेखक जे पुन्हा लिहितो, ते पुनर्लेखन. एरवी ते भाषेच्या सफाईपुरते असू शकते. या प्रकारात मात्र रहस्य बऱ्याच अंशी तिथेच रचले जाते.

काही लेखक खुनी, हेतू आणि हत्यार आधी ठरवून आराखडा करतात, तर काही लिहीत लिहीत खुन्यापर्यंत पोहोचतात. दुसऱ्या रीतीत आधीच्या प्रकरणांत खुन्याचा मागमूसही नसतो, म्हणून शेवटाकडून मागे येत सुगावे पेरावे लागतात. कधी शेवटच बदलतो. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीतला उलगडा मुळात न्यायालयात होता. प्रकाशकाच्या सांगण्यावरून त्यांनी तो दिवाणखान्यात आणला.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला खून होतो, असे कथानक घेऊ. पहिल्या खर्ड्यात शेजारच्या मागावरचा कामगार ‘किंकाळी ऐकली’ असा जबाब देतो. मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायलाही कानाशी तोंड न्यावे लागते; सोलापूरचा वाचक हे मान्य करणार नाही. मग किंकाळी काढायची आणि एक माग मध्येच थांबल्याचे त्या कामगाराला जाणवले, असे लिहायचे. धोट्यातली (आडवा धागा मागातून ओढून नेणाऱ्या साधनातली) कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपली असेल, असे वाटून तो आपल्या कामात राहिला. खुनाची वेळ यातून मिळते. पण काम इथे संपत नाही. कांड्या भरणाऱ्या बाईने त्या मागावर थोड्या वेळापूर्वीच भरलेल्या कांड्या पोचवल्या होत्या, म्हणजे माग कांडीअभावी थांबला नव्हता, हे आधीच्या एखाद्या प्रकरणात मजुरीच्या तक्रारीच्या ओघात येऊन गेले पाहिजे. वाचक ते वाचतो, पण थांबत नाही. सुगावा लपवण्याची ही सर्वांत प्रामाणिक रीत होय.

फसवा सुगावाही असाच स्थानिक असावा. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, ‘पांढऱ्या बाराबंदीतला (बंदांनी बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातला) माणूस पळाला’ असे साक्षीदार सांगतो. नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीत त्या वेशातले लोक असंख्य असतात.

जबाबांची भाषा वेगळी तपासावी लागते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा शहरात रोजच्या वापरातल्या आहेत. तरी खर्ड्यात सगळे साक्षीदार पंचनाम्याच्या मराठीत बोलू लागतात, आणि हा दोष लेखकाच्या ध्यानात सहसा मोठ्याने वाचल्यावरच येतो.

कायद्याचे तपशील बहुधा शेवटच्या हाताला येतात. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. कथा त्याआधीची असेल तर भारतीय दंड संहितेचे ३०२. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे चौकीतल्या कबुलीवर खटला उभा राहिल्याचे दाखवणारा खर्डा पुन्हा उघडावा लागतो. मात्र कोठडीतल्या आरोपीने सांगितलेल्या जागी हत्यार मिळाले, तर सांगण्याचा तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. तेव्हा ते हत्यार कुठे दडवले होते, हे आधीच्या प्रकरणांत परत जाऊन ठरवायचे.