लैंगिक संप्रेरके व रक्तदाब (प्राणिप्रयोग)

प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये वृषण व अंडाशय यांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांचा रक्तदाबावर होणारा परिणाम. एकाच वाणाच्या, एकच खाद्य खाणाऱ्या उंदरांत प्रौढ नराचा रक्तदाब मादीपेक्षा बहुधा जास्त भरतो. लहान पिल्लांत हा फरक नसतो. वयात येताना तो दिसू लागतो.

या अभ्यासाचा मुख्य आधार म्हणजे जन्मतःच उच्च रक्तदाबाकडे कल असलेल्या उंदरांचा वाण. ओकामोटो व आओकी यांनी १९६३ मध्ये क्योटो येथे निवडक पैदाशीतून तो तयार केला. या वाणातील नराचे वृषण कोवळ्या वयात काढले, तर त्याचा रक्तदाब मादीच्या पातळीच्या आसपासच राहतो. टेस्टोस्टेरॉन (वृषणातून स्रवणारे मुख्य संप्रेरक) टोचले की तो पुन्हा चढतो. अंडाशय काढलेल्या मादीला टेस्टोस्टेरॉन दिले, तरी तेच घडते. नुसते अंडाशय काढून मात्र या वाणात फारसा फरक पडत नाही. याउलट मिठाने रक्तदाब वाढणाऱ्या ‘डाल’ (संशोधकाच्या नावावरून) या वाणात अंडाशय काढल्यावर तो वाढतो आणि इस्ट्रॅडिऑल (अंडाशयातून स्रवणारे मुख्य इस्ट्रोजेन) दिल्यास ही वाढ रोखली जाते. तेव्हा ‘इस्ट्रोजेन गेले की रक्तदाब वाढतो’ हे सरसकट विधान टिकत नाही. वाण कोणता, खाद्यात मीठ किती, हे आधी पाहावे लागते.

टेस्टोस्टेरॉनचा मुख्य परिणाम मूत्रपिंडावर होतो. तेथील अँजिओटेन्सिनोजेनची (रक्तवाहिन्या आकसवणारे अँजिओटेन्सिन ज्यापासून बनते त्या प्रथिनाची) निर्मिती वाढते आणि तेवढेच सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला अधिक दाब लागतो. एनालाप्रिल हे रक्तदाबावरील औषध देऊन अँजिओटेन्सिनची साखळी तोडली की नर-मादीतील फरक जवळजवळ मिटतो. हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. शरीराबाहेर काढलेल्या रक्तवाहिनीच्या तुकड्यावर मात्र हेच टेस्टोस्टेरॉन सोडले, तर ती सैलावते. इस्ट्रोजेन रक्तवाहिनीच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड वाढवते.

मोजणीची पद्धतही निकाल बदलू शकते. शेपटीला पट्टा बांधून दाब मोजताना उंदराला अरुंद नळीत ठेवतात आणि शेपूट कोमट करतात, म्हणजे तिच्यातील धमनी फुगून नाडी नीट लागते. पण कोंडले गेल्याने बुजलेल्या उंदराचा दाब वर जातो. त्यामुळे पोटात बसवलेल्या रेडिओ-प्रक्षेपकाने मोकळ्या उंदराचे अहोरात्र घेतलेले मापन अधिक विश्वसनीय असते.

मुंबईत या विषयाच्या दोन्ही बाजू परळमध्ये शेजारी नांदतात: हृदयरोग व रक्तदाबाचे रुग्ण पाहणारे केईएम रुग्णालय आणि प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था. याच शहरातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला.

मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असल्याने मोजमापे डळमळतील, या धास्तीने संशोधकांनी वर्षानुवर्षे केवळ नर वापरले. रक्तदाबासारख्या विषयात ही उणीव अक्षम्य होती, कारण पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण झपाट्याने वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून प्राणिप्रयोगांत लिंगभेदाचा विचार अपेक्षित धरला.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. संयुक्त गर्भनिरोधक गोळीतील कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतातील अँजिओटेन्सिनोजेन वाढवते आणि काही स्त्रियांचा रक्तदाब चढवते. म्हणूनच ती सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजतात.