बंदूक वाटणीत येत नाही

मराठवाड्यात जमीन वारसाने येते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव चढतं. वाडा, ट्रॅक्टर, विहिरीतलं पाणी, सगळ्याची वाटणी होते. याच हिशेबात घरातली बारा बोअरची दुनळी बंदूकही धरली जाते. 'ती थोरल्याची' असं घरात बोललं जातं आणि पोरगं कॉलेजात गेलं की खंडेनवमीची पूजा आटोपल्यावर ती त्याच्या हातात दिलीही जाते. कायद्याने पाहिलं तर एवढ्यावर बाप-लेक दोघांवर गुन्हा दाखल होऊ शकतो. बंदूक म्हणजे घराण्याची वस्तू, हा समज आपल्याकडे एवढा घट्ट का, हे कळायला निजामाच्या राज्यापर्यंत मागे जावं लागतं.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांकडची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली आणि लॉर्ड लिटनच्या काळात, 1878 मध्ये, भारतीय शस्त्र कायदा आणला. तो ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. म्हणजे सोलापूर, नगरला इंग्रजी परवान्याची पद्धत लागू होती. सीमेपलीकडच्या औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत निजामाचा अंमल होता. तिथे शस्त्राचा संबंध हुद्द्याशी होता. जहागीरदार आणि देशमुखांच्या गढीवर हत्यारबंद माणसं असत. एकोणिसाव्या शतकात शिपाईगिरीसाठी आलेले अरब आणि रोहिले पुढे सावकारीही करू लागले, आणि त्यांच्या वसुलीमागचं बळ हत्याराचंच होतं. माझ्या मते गढीतली बंदूक एका माणसाची कमी आणि गढीची जास्त होती. जो गादीवर तो तिचा धनी.

मग रझाकारांचा काळ आला. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडे कॅम्प उभारून सशस्त्र प्रतिकार केला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची फौज शरण आली, जनरल जयंतनाथ चौधरींचं लष्करी प्रशासन बसलं आणि ऑगस्ट 1949 मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या. जहागिरी कागदावरून गेली. भिंतीवरच्या बंदुकीकडे पाहायची नजर तीच राहिली.

दिल्लीत याच सुमाराला वेगळाच वाद चालला होता. काँग्रेसने 1931 च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मागितला होता. संविधानात मात्र तो मूलभूत हक्क म्हणून आला नाही. शस्त्रं हा विषय केंद्र सूचीत गेला. त्यामुळे महाराष्ट्राची विधानसभा स्वतःचा बंदूक कायदा करत नाही, आणि लातूरचा जिल्हाधिकारी परवाना देतो तो संसदेच्या कायद्याखाली. हा कायदा म्हणजे 1959 चा शस्त्र अधिनियम, 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झालेला.

खरी मेख या कायद्याच्या व्याख्येत आहे. एरवी जंगम वस्तूचं बक्षीस द्यायला कागदही लागत नाही. घड्याळ मुलाच्या हातात दिलं आणि त्याने घेतलं, की बक्षीस पुरं. शस्त्र अधिनियमात मात्र 'हस्तांतर' या शब्दात भाड्याने देणं, उसनं देणं, नुसतं देणं आणि ताबा सोडणं, सगळं येतं. पैसे घेतले की नाहीत हा प्रश्नच नाही. घड्याळाचं बक्षीस ज्या क्षणी पूर्ण होतं, त्याच क्षणी बंदुकीचा गुन्हा घडतो.

खासगी वापराची परवानाधारक बंदूक दुसऱ्याला देता येते, पण घेणारा ती बाळगायला कायद्याने पात्र हवा. शिवाय देणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं. मुलगा असला तरी यातून सूट नाही. सवलत आहे ती एवढीच: परवानाधारक सोबत असताना, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, बंदूक दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसरा माणूस नेऊ शकतो. गावात एवढ्या सवलतीवर 'बापाच्या लायसनवर पोराला चालतं' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. चालत नाही.

वयाची गोष्ट तर आणखी मजेची आहे. 1959 च्या कायद्यात किमान वय 16 होतं. 1983 च्या दुरुस्तीने ते 21 केलं. तेव्हा मतदानाचं वयही 21 च होतं, त्यामुळे कुणाला ते खटकलं नसावं. 1989 मध्ये मतदान 18 वर आलं, बंदूक तिथेच राहिली. परिणामी आज एकोणीस वर्षांचा तरुण आमदार निवडू शकतो, स्वतःच्या नावावरची जमीन विकू शकतो, पण वडिलांची बंदूक आपल्या ताब्यात ठेवू शकत नाही. अशा वयाच्या मुलाला ती देणाऱ्यालाही कायदा स्वतंत्रपणे मनाई करतो. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी अपवाद आहे, तोही ठरावीक शस्त्रापुरता आणि घातलेल्या अटींवर. अठराव्या वाढदिवसाला बंदूक भेट देण्याचा कायदेशीर मार्ग नाहीच. (तलवारीने केक कापणाऱ्यांवर पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवतात, हेही वाढदिवसवाल्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.)

दरम्यान बंदूक ठेवण्याचं जुनं कारणही आटलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची हौस संपली. उरलं ते पीक संरक्षण. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) एका रात्रीत हरभऱ्याचं शेत आडवं करतात, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्यासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय कायद्यात आहे. पण परवाना हातात असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

मग वारसाने काहीच मिळत नाही का? मिळतं, पण बंदुकीचा थेट ताबा नाही. परवाना मागण्याची वाट मिळते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक वारला, तर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. हयातीतही ते शक्य आहे: वडिलांनी सत्तरी गाठलेली असावी किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलेलं असावं, यातलं जे आधी घडेल ते, आणि त्यांनी वारसाचं नाव सुचवावं. पत्नी आणि मुलगीही वारसच, 'थोरला मुलगा' असं नियमात कुठे नाही. अर्ज वारसाने स्वतःच्या नावाने करायचा. पोलिसांचा अहवाल त्याच्याबद्दल येतो, गुन्हे त्याचे पाहिले जातात. बापाचं चारित्र्य पोराच्या कामी येत नाही.

शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने आणखी एक दार अरुंद केलं. आधी एका व्यक्तीला तीन शस्त्रं ठेवता येत, आता दोन. वारसाहक्काने आलेलं शस्त्रही याच मोजणीत. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली. आनंदाच्या भरात बेदरकार गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठीच जणू हे कलम लिहिलंय.

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यात एवढे परवाने दिले कसे, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. प्रशासनाने परवान्यांची छाननी करून अनेक रद्द केले. असं वातावरण असलं की वारसाच्या अर्जाकडेही बारकाईनेच पाहिलं जाणार.

वडील गेल्यावर अनेक घरांत बंदूक तेराव्यापर्यंत, मग वर्षश्राद्धापर्यंत कपाटातच राहते. शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते आणि पावती सांभाळायची असते. वारसाला परवाना मिळाला तर ती परत घेता येते, नाहीतर पात्र माणसाला विकता येते. ठरलेल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती सरकारजमा होते.