ट्वाइस: सातांच्या नऊ झाल्या, तेव्हा

ट्वाइस या दक्षिण कोरियातल्या मुलींच्या पॉप गटातल्या नऊ जणींची नावं आज चाहते एका दमात घेतात. नायॉन, जंगयॉन, मोमो, साना, जिह्यो, मिना, दाह्युन, चेयंग, त्झुयु. ऐकताना वाटतं, नऊ हा आकडा पहिल्यापासून ठरलेलाच असावा. प्रत्यक्षात ठरल्या होत्या सात. ७ जुलै २०१५ च्या रात्री, टीव्हीवर सगळे बघत असताना, सातांच्या नऊ झाल्या. या गटाच्या पुढच्या दहा वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींचा धागा त्या रात्रीपर्यंत मागे जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

त्याआधीचं थोडक्यात. ज्या कंपनीने ट्वाइस उभी केली, तिच्याकडे मुलींचे गट घडवण्याचा अनुभव होता. २००७ मधल्या वंडर गर्ल्स तिच्याच. २००९ मध्ये त्यांचं ‘नोबडी’ अमेरिकेतल्या गाण्यांच्या हॉट १०० यादीत ७६ व्या क्रमांकावर पोचलं आणि त्या यादीत कोरियन गटाचं नाव पहिल्यांदा झळकलं. २०१० मध्ये मिस ए आली. नंतर पाच वर्षं नवा मुलींचा गट आलाच नाही. २०१३ च्या अखेरीस नव्या गटाची घोषणा झाली, पण ठरलेल्या मुलींपैकी काही कंपनी सोडून गेल्या आणि तो बेत बारगळला. आपलं पदार्पण आता होणार असं धरून चाललेल्या मुली पुन्हा सरावाच्या खोलीत जाऊन बसल्या. त्यातली जिह्यो तर शाळकरी वयापासून तिथे होती. पदार्पण होईपर्यंत तिची शिकाऊ म्हणून दहा वर्षं भरली. कोरियात ‘ट्रेनी’ हा शब्द सहज वापरला जातो, पण दहा वर्षं म्हणजे अख्खं बालपण.

फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीच्या संस्थापकांनी जाहीर केलं की नव्या गटात सात जणी असतील आणि त्यांची निवड टीव्हीवरच्या स्पर्धेतून होईल. कार्यक्रमाचं नाव ‘सिक्स्टीन’. ५ मे रोजी पहिला भाग दाखवला गेला, एकूण भाग दहा. सोळा मुलींची विभागणी सात ‘मेजर’ आणि नऊ ‘मायनर’ अशी केली होती. मेजर म्हणजे सध्याच्या घडीला गटात असलेल्या, मायनर म्हणजे त्यांची जागा घेऊ पाहणाऱ्या. सोयीसुद्धा त्याच हिशेबाने. चांगली राहण्याची जागा आणि ने-आण करणारी गाडी मेजरना. सरावाच्या खोल्या दिवसा मेजरना, रात्री मायनरना. एखादीची घसरण झाली की दिनक्रम उलटा व्हायचा आणि काल दिवसा नाचणारी आज रात्र जागून नाचायची. बघणाऱ्याला यात रंगत वाटली असेल. त्या मुलींसाठी तो झोपेचा प्रश्न होता, आणि त्यातल्या काही तेरा-चौदा वर्षांच्या होत्या.

अंतिम फेरीला बारा जणी पोचल्या. चौघी वाटेत गळल्या होत्या आणि मोमो त्यांपैकी एक. क्योतो प्रांतातून आलेली ही मुलगी २०१२ पासून कंपनीत शिकत होती आणि नाचात तिचा हात धरणारं तिथे फार कुणी नव्हतं. तरीही ती बाहेर पडली आणि तिच्या जाण्याने सोबतच्या मुली हमसून रडल्या. शेवटच्या रात्री संस्थापकांनी सात नावं वाचली. नायॉन, जंगयॉन, साना, जिह्यो, मिना, दाह्युन, चेयंग. इथे कार्यक्रम संपायला हवा होता. पण त्यांनी सांगितलं की गट नऊ जणींचा होईल. एक जागा प्रेक्षकांच्या पसंतीची, ती मिळाली तैवानच्या त्झुयुला. दुसरी, गटाला रंगमंचावर ज्या ताकदीची गरज आहे तिच्यासाठी, आणि त्यासाठी नाव घेतलं गेलं मोमोचं.

खरा वाद इथला. त्झुयुबद्दल फारशी कुरकुर झाली नाही. ती अंतिम फेरीत होती आणि लोकांना आवडत होती. मोमोचं तसं नव्हतं. नियमाप्रमाणे ती स्पर्धेबाहेर गेलेली होती. सोमी, नॅटी, चेरयंग आणि मिनयंग या चौघी मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत टिकल्या होत्या, मंचावर उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर गेलेल्या मुलीला आत घेतलं गेलं. कोरियात त्यावर मोठा गदारोळ झाला. सात म्हणून सांगितलं आणि नऊ घेतल्या. नऊच घ्यायच्या होत्या तर आठवी-नववी या बारांतूनच का नाही? आणि जी बाद झाली ती बाद नव्हतीच, तर बाकीच्यांनी रात्री जागून दिलेल्या फेऱ्यांना काय अर्थ उरला?

कंपनीच्या बाजूने जे बोललं जातं त्यात तथ्य नाही असं नाही. गट कंपनीचा, पैसा तिचा, जोखीम तिची. कुणाला घ्यायचं हे तिने ठरवायचं, आणि एरवी बंद दाराआड हेच होत असतं. पण दार उघडून, कॅमेरा लावून, नियम वाचून दाखवून मुलींना लढायला लावल्यावर ही सबब पुरत नाही. नियम पाळले जातील या भरवशावर त्या मुली लढत होत्या आणि लोक बघत होते. मोमोला घ्यायलाच हवं होतं असं कंपनीला वाटत होतं, तर तिला बाद करणारी फेरी मुळात घेतली कशाला, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आजवर आलेलं नाही.

या वादात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ‘निर्णय बरोबर ठरला’ आणि ‘निर्णय रास्त होता’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं कुणीच नाकारणार नाही. ट्वाइसचं नृत्य मोमोच्या भोवती उभं राहिलं आणि जपानमधलं यश मोमो, साना, मिना या तिघींशिवाय कल्पनेतही येत नाही. पण २०१९ किंवा २०२४ मधलं यश पुरावा म्हणून जुलै २०१५ मध्ये नेता येत नाही. त्या रात्री चौघी रिकाम्या हाताने घरी गेल्या, हे पुढच्या कुठल्याही विक्रमाने पुसलं जात नाही. दुसऱ्या बाजूने, लोकांचा राग मोमोवर निघाला हेही तितकंच चुकीचं होतं. अठरा वर्षांच्या मुलीला बोलावलं आणि ती आली. नियम तिने मोडला नव्हता.

त्या चौघींचं पुढे काय झालं, हेही याच पार्श्वभूमीत यायला हवं. सोमी २०१६ मध्ये दुसऱ्या एका निवड-स्पर्धेत थेट पहिली आली आणि आयओआय गटातून पुढे गेली. चेरयंगने त्याच कंपनीत थांबून २०१९ मध्ये इत्झीमधून पदार्पण केलं. नॅटीची वाट फार लांबली आणि गटातून पदार्पण करायला तिला २०२३ उजाडलं, किस ऑफ लाइफमधून, म्हणजे त्या रात्रीनंतर आठ वर्षांनी. वाटेत बाद झालेल्यांपैकी चेरयंगची थोरली बहीण चेयॉन २०१८ मध्ये आयझोनमध्ये आणि जिवॉन फ्रॉमिस नाइनमध्ये दिसली. एकाच कार्यक्रमातून इतक्या गटांना माणसं मिळाली याचं कौतुक होतं, आणि व्हायलाही हवं. मात्र यांतल्या बहुतेकींना पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागली.

२० ऑक्टोबर २०१५ रोजी ‘लाइक ऊ-आह’ हे पहिलं गाणं आलं. एकदा कानांना आणि एकदा डोळ्यांना, असं दोनदा भुरळ घालणारा गट, म्हणून नाव ट्वाइस. चाहत्यांचं नाव त्याला जोडूनच पडलं, वन्स. गाणं आल्याबरोबर उसळलं नाही. यादीत खालून हळूहळू वर चढत राहिलं. नेता कोण, हे मुलींनी आपसात गुप्त मतदानाने ठरवलं आणि जिह्योचं नाव निघालं. वरून आलेल्या इतक्या निर्णयांमध्ये हा एक त्यांचा स्वतःचा.

पुढचा धक्का आठवी-नववीच्या निर्णयातूनच आला, पण वेगळ्याच दिशेने. नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवरून दाखवलेल्या एका कार्यक्रमात परदेशी मुलींच्या हातात आपापल्या देशाचे छोटे झेंडे दिले गेले. जपानी मुलींकडे जपानचा, त्झुयुकडे तैवानचा. जानेवारी २०१६ मध्ये चीनच्या मुख्य भूमीवर काम करणाऱ्या एका तैवानी गायकाने त्यावरून तिला तैवानच्या स्वातंत्र्याची पुरस्कर्ती ठरवलं आणि चीनमधले कार्यक्रम धडाधड रद्द होऊ लागले. १५ जानेवारीला कंपनीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. मागे साधी भिंत, अंगात काळे कपडे, हातात कागद. सोळा वर्षांची मुलगी खाली वाकते, कागदावरून वाचते की चीन एकच आहे, माफी मागते आणि पुन्हा वाकते. दुसऱ्याच दिवशी तैवानमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. निवडून आलेल्या नेत्यांनी विजयाच्या रात्रीच या प्रकाराचा उल्लेख केला. झेंडा तिच्या हातात मोठ्यांनी दिला होता आणि कागदही मोठ्यांनीच. इतक्या लहान मुलीला दोन देशांच्या भांडणात एकटीला कॅमेऱ्यासमोर उभं करणं ही त्या कंपनीच्या इतिहासातली सर्वांत वाईट घटना आहे असं माझं मत आहे, आणि ट्वाइसवर प्रेम करणाऱ्यांनी ती विसरू नये.

तीन महिन्यांनी, २५ एप्रिलला, ‘चिअर अप’ आलं. त्यात सानाच्या वाट्याला ‘शाय शाय शाय’ ही ओळ होती. तिच्या तोंडून ती ‘शा शा शा’ अशी ऐकू येई आणि अख्खा कोरिया तशीच म्हणू लागला. ५ मे २०१६ रोजी, ‘सिक्स्टीन’चा पहिला भाग लागल्याला बरोबर वर्ष होताना, त्याच वाहिनीच्या, आठवड्याचं अव्वल गाणं निवडणाऱ्या साप्ताहिक कार्यक्रमात ट्वाइसला पहिला विजय मिळाला. वर्षअखेरीस कोरियाच्या अधिकृत यादीत ते त्या वर्षातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं. ऑक्टोबरमध्ये ‘टीटी’ आलं. रडणारा चेहरा दाखवायला कोरियन लोक मोबाइलवर जी दोन अक्षरं लिहितात, ती इंग्रजी टीसारखी दिसतात, आणि तीच खूण अंगठा आणि तर्जनीने डोळ्यांखाली करायची. भाषा न येणाऱ्यालाही जमेल अशी. गट अजून जपानमध्ये औपचारिकपणे आलाही नव्हता, तेव्हा तिथल्या शाळकरी मुली फोटोत ती खूण करत होत्या.

जपानचं महत्त्व कळायला शेजारचं राजकारण बघावं लागतं. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवू द्यायचं ठरवलं आणि चीनने कोरियन मनोरंजनासाठी दारं आवळली. त्झुयुच्या प्रकरणाने अरुंद झालेली वाट आता सगळ्यांसाठीच बंद झाली. उरला जपान, आणि तिथेही २०१२ पासून जपान आणि कोरिया यांच्यातल्या बेटाच्या वादामुळे हवा बिघडलेलीच होती. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या वर्षअखेरच्या प्रतिष्ठेच्या गायन-कार्यक्रमात २०११ नंतर एकही कोरियन गट दिसला नव्हता. २८ जून २०१७ रोजी ट्वाइसने जपानमध्ये पदार्पण केलं आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला त्या मंचावर उभी राहिली. मार्च-एप्रिल २०१९ मध्ये ओसाका, टोकियो आणि नागोया इथल्या डोममध्ये, म्हणजे छत असलेल्या प्रचंड स्टेडियममध्ये, तिचे पाच कार्यक्रम झाले. कोरियन मुलींच्या गटाचा असा हा पहिला दौरा. त्या वेळी मंचावरच्या नवांत तिघी जपानी होत्या, आणि त्यांतली एक ‘सिक्स्टीन’मधून बाद झालेली.

या धावपळीची किंमतही होती. जुलै २०१९ मध्ये मिना तीव्र चिंतेच्या त्रासामुळे दौऱ्यातून बाजूला झाली, पुढे जंगयॉनलाही मानेच्या आणि मग मनाच्या दुखण्यासाठी थांबावं लागलं. दोघींनाही वेळ दिला गेला, दोघी परत आल्या. सप्टेंबर २०१९ मधल्या ‘फील स्पेशल’च्या चित्रफितीत मिना आहे, मंचावर मात्र आठच जणी होत्या. संस्थापकांनी हे गाणं मुलींशी बोलून, त्यांच्या अनुभवांवरून लिहिलं होतं. एप्रिलमधल्या ‘फॅन्सी’ने गोड, बालिश छाप आधीच मागे टाकली होती.

मग आलं सातवं वर्ष. २००९ मध्ये कोरियाच्या व्यापार नियामकाने कलाकारांच्या आदर्श करारासाठी सात वर्षांची मर्यादा घातली. पूर्वीच्या दहा-दहा, तेरा-तेरा वर्षांच्या करारांवर तो उपाय होता. पण त्यामुळे सातव्या वर्षी प्रत्येक गटासमोर फुटण्याचा प्रसंग येतो. ट्वाइसचे करार ऑक्टोबर २०२२ मध्ये संपणार होते. त्याआधीच जुलैत नऊच्या नऊ जणींनी नव्याने सह्या केल्या. एवढ्या मोठ्या गटात एकही गळू नये, हे त्या धंद्यात विरळाच. त्याच्या थोडं आधी नायॉनने एकटीची गाणी आणली होती. नंतर जिह्यो, त्झुयु आणि चेयंगने आणली. २०२३ मध्ये मिना, साना, मोमो यांनी मिसामो हा छोटा गट केला.

अमेरिका उशिरा आली. ऑक्टोबर २०२१ मधलं ‘द फील्स’ हे पहिलं इंग्रजी गाणं हॉट १०० मध्ये ८३ व्या क्रमांकावर पोचलं, म्हणजे वंडर गर्ल्सच्या ७६ पेक्षा खालीच. पण पाय तिथे रोवला गेला. जून २०२३ मध्ये लॉस एंजेलिसजवळचं सोफाय स्टेडियम भरलं आणि मार्च २०२४ मध्ये ‘विथ यू-थ’ हा अल्बम अमेरिकेतल्या अल्बमच्या बिलबोर्ड २०० यादीत पहिला आला. २०२५ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या लोलापलूझा महोत्सवात त्या मुख्य कलाकार होत्या, आणि त्याच सुमारास जंगयॉन, जिह्यो, चेयंग यांनी गायलेलं ‘टेकडाउन’ एका लोकप्रिय अ‍ॅनिमेशनपटामुळे घरोघरी वाजत होतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दौरा तैवानला पोचला. काओशुंगच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये २२ आणि २३ तारखेला दोन कार्यक्रम झाले. पदार्पणाला दहा वर्षं होऊन गेल्यावर ट्वाइसने त्या भूमीवर गट म्हणून पहिल्यांदा आपला जलसा केला. त्झुयुचं गाव ताइनान तिथून जवळच. सातांच्या यादीत नाव नसलेली, सोळाव्या वर्षी कागदावरून माफी वाचलेली ती मुलगी तिथे आपल्या भाषेत आपल्या लोकांशी बोलली. शेजारी मोमो उभी होती.