एएच्या मीटिंगला जायला आधी दारू सुटलेली असावी लागते का?

‘आधी दारू सोड, मग मीटिंगला जा.’ हा सल्ला घराघरांत ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला सुरू झाली. सदस्य व्हायला तिची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. सुटलेली असण्याची नव्हे. काल प्यायलेला माणूसही आज जाऊन बसू शकतो.

फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरते, त्यामुळे ‘हे धर्मांतराचं काम’ असाही समज पसरला. एए कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही, जागा फक्त वापरायला घेतलेली असते. एकेक जण स्वतःचा अनुभव सांगतो. नवख्याने बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, त्यात काही न टाकता ती पुढे दिली तरी कोणी काही म्हणत नाही.

जवळची मीटिंग शोधताना ती ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, आणि मराठीत चालते का, हे फोनवरच विचारून घ्या. क्लोज्डमध्ये नातेवाइकांना प्रवेश नसतो. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे गट आहेत.

एक मात्र कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्या. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, सरकारी रुग्णालयांतले मानसोपचार विभागही आहेत.