पाटी लावून गिझर बंद होत नाही

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा दाराच्या आतून काकांची पाटी होती, 'गिझर, पंखा, दिवा बंद करूनच बाहेर पडावे. वीज फुकट येत नाही.' रोज वाचायचो तरी गिझर चालू राहायचाच, कारण निवांत निघालो तर लक्षात असायचं पण फोन आला, उशीर झाला, पळालो की संपलं.

प्रोग्रॅमिंगची सी भाषा अशीच पाटीवर चालते. फाइल उघडलीत, लॉक (दुसऱ्याने मधे हात घालू नये म्हणून लावायचं कुलूप) घेतलंत तर परत करायची जबाबदारी तुमची. फंक्शन (प्रोग्रॅममधला एका कामाचा तुकडा) शेवटपर्यंत गेलं तर ठीक, पण मधेच एरर आली आणि तिथूनच रिटर्न मारला, म्हणजे फंक्शनमधून बाहेर पडलो, की फाइल बंद करायची खालची ओळ चालतच नाही. आमच्या एका सर्व्हरचं हेच झालेलं, प्रत्येक चुकीच्या रिक्वेस्टला एक फाइल उघडी राहायची, लिनक्सवर एका प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) सहसा 1024 उघड्या फाइलींचीच मर्यादा असते, त्यामुळे दिवसभर मस्त चालला आणि रात्री एकही फाइल उघडेना.

सी प्लस प्लसमध्ये हॉटेलच्या कार्डासारखं आहे, कार्ड काढलं की खोलीची वीज आपोआप बंद. महिरपी कंसातला भाग म्हणजे स्कोप, त्यातून कसेही बाहेर पडा, रिटर्न मारून किंवा एक्सेप्शन (एरर आल्याचा इशारा) फेकून, आतल्या वस्तूचा डिस्ट्रक्टर, म्हणजे तिची आवराआवर करणारा कोड, चालतोच. जादू काही नाही, बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर डिस्ट्रक्टर चालवायची ओळ कंपायलर (आपला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) स्वतः घालतो (आपण कंटाळतो, तो कंटाळत नाही). रस्ट भाषेतही हेच. आणि क्रम उलटा असतो, आधी स्कार्फ मग हेल्मेट घातलं तर काढताना आधी हेल्मेटच, तसं शेवटी घेतलेलं आधी सुटतं.

गो भाषेतल्या डिफरने ('हे काम जाताना कर' असं आधीच सांगून ठेवायची सोय) मात्र मला फसवलंय. तो कंस संपल्यावर नाही, अख्खं फंक्शन संपल्यावर चालतो, त्यामुळे लूपमध्ये हजारो फाइली उघडून प्रत्येकीला डिफर लावलात तर सगळ्या शेवटपर्यंत उघड्याच.

सीवाल्यांनी वर्षानुवर्षं गोटूवर भागवलं, म्हणजे एरर आली की खालच्या आवराआवरीच्या ओळींवर उडी. जीसीसी या सीच्या कंपायलरमध्ये स्कोप संपला की आपोआप आवरणारी क्लीनअप नावाची सोय होती, पण लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्यावर बेतलेले, लॉक आपोआप सोडणारे तयार गार्ड 2023 मध्ये, 6.5 आवृत्तीत आले.

तरी किल मायनस नऊ मारलं, म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीने तिथल्या तिथे संपवला, तर डिस्ट्रक्टरही चालत नाही. उघड्या फाइली कर्नल बंद करतो, टेम्प फोल्डरमधला कचरा तसाच राहतो, तो आपणच जाऊन झाडायचा.