कारण आणि सबब : वॉल्टर व्हाइटचे ‘कुटुंबासाठी’

कारण आणि सबब हे दोन शब्द आपण बोलताना सहज एकमेकांच्या जागी वापरतो. कचेरीच्या मराठीत तर ‘सबब’ म्हणजे केवळ ‘म्हणून’. अर्जात ‘सबब विनंती की’ असे लिहिणाऱ्याच्या मनात कसलाही खोटेपणा नसतो. पण ‘सबबी सांगू नकोस’ असे कोणी म्हटले की याच शब्दाचा अर्थ पालटतो. कारण माणसाला कृतीकडे नेते, तर सबब झालेल्या कृतीवर पांघरूण घालते. दोन्ही एकाच वाक्यात राहू शकतात, म्हणूनच ती ओळखणे कठीण जाते. विन्स गिलिगन यांच्या ‘ब्रेकिंग बॅड’ या ६२ भागांच्या अमेरिकी मालिकेत (२००८ ते २०१३) ‘मी हे कुटुंबासाठी करतो’ हे असेच एक वाक्य आहे.

न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की शहरात रसायनशास्त्र शिकवणारा वॉल्टर व्हाइट पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या केंद्रात राबतो. पत्नी गरोदर आहे, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, आणि पन्नाशीत त्याला फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळते. तो मेथ हा अमली पदार्थ बनवू लागतो आणि पुढे मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज व घरखर्च धरून हिशेब मांडतो : ७ लाख ३७ हजार डॉलर. मार्ग भयंकर असला तरी हे कारण आहे, कारण त्याला माप आहे. तेवढी रक्कम जमली की थांबता येते.

सुरुवातीच्या काळातच, कैद करून ठेवलेल्या एका गुन्हेगाराला मारावे की सोडावे हे ठरवण्यासाठी तो कागदावर दोन रकाने आखतो. सोडण्याच्या बाजूला नीतीची अनेक कलमे येतात. मारण्याच्या बाजूला एकच ओळ असते, की सोडले तर हा तुझ्या सगळ्या कुटुंबाला ठार करील. तरीही त्याचा कल सोडण्याकडे झुकतो, आणि फुटलेल्या ताटलीचा एक तुकडा गायब आहे, म्हणजे कैद्याने तो हत्यार म्हणून लपवला आहे, हे लक्षात आल्यावरच तो त्याचा जीव घेतो. त्या वेळी कुटुंबाचे नाव त्याच्या हाताला कापरे भरवते. पुढे तेच नाव त्याचा हात निर्ढावून टाकते, आणि असा कागद त्याला पुन्हा लागत नाही.

सबबीचे बीज मात्र त्या हिशेबाच्याही आधी पडलेले आहे, असे मला ठामपणे वाटते. एलियट आणि ग्रेचेन श्वार्ट्झ हे त्याचे जुने सहकारी उपचारांचा खर्च उचलायला तयार असतात. ज्याला खरोखर केवळ कुटुंबाची काळजी आहे, त्याने मान खाली घालून ते पैसे घेतले असते. वॉल्टर ते नाकारतो आणि पत्नी स्कायलरला सांगतो की खर्च तेच करत आहेत. त्यानंतर आजार मागे हटल्याचे कळते, तेव्हा आनंदाचे चार क्षण जातात न जातात तोच तो प्रसाधनगृहात हात पुसण्याच्या कागदांच्या धातूच्या पेटीवर ठोसे मारत सुटतो. मृत्यूची मुदत टळली की थांबावे लागणार होते. त्याला थांबायचे नव्हते.

आपल्याकडे वाल्या कोळ्याला नारदाने घरी पाठवले, ते पापाचे वाटेकरी कोण हे विचारायला. वॉल्टर तो प्रश्न कधीच विचारत नाही, पण उत्तर त्याला न विचारता मिळते. स्कायलर त्याला तोंडावर सांगते की ती कर्करोग परतण्याची वाट पाहत आहे. पुढे ती त्याला भाड्याच्या गोदामात नेऊन नोटांचा प्रचंड ढीग दाखवते आणि विचारते, किती झाले म्हणजे पुरे? कारणाला या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येते, सबबीला देता येत नाही.

शेवटच्या भागात तो स्कायलरजवळ कबूल करतो, की हे सगळे त्याने स्वतःसाठीच केले. तोवर मुलाने फोनवर त्याचे पैसे झिडकारलेले असतात. म्हणून उरलेली सुमारे ९७ लाख डॉलरची रोकड मुलापर्यंत पोहोचवण्यासाठी तो ज्यांच्या दिवाणखान्यात ठेवतो, ते घर असते एलियट आणि ग्रेचेन श्वार्ट्झ यांचे.